पडवीतला कारखाना

माणूस निवृत्त झाला की त्याच्या हातून काहीतरी विपरीत घडणार, अशी घरच्यांची खात्रीच असते. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी साठाव्या वर्षी पेटी शिकायला घेतली आणि शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. दुसरे एक रोज पहाटे टेकडीवर जाऊन ठरावीक वेळ हसून येतात. उरलेला दिवस ते कुणाशी धड बोलत नाहीत. तिसऱ्यांनी वर्तमानपत्रांना पत्रे लिहिण्याचा सपाटा लावला आहे. मी काय करतो याकडे घर डोळे लावून बसले होते. एके दिवशी सकाळी चहा घेता घेता मी जाहीर केले,

"मी मागच्या पडवीत कारखाना काढणार आहे."

"कसला?" सौ.ने विचारले.

"मोटारसायकल दुरुस्तीचा. अण्णांची जावा चालू करायची आहे."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलेच नाही, हातांकडे पाहिले. चौतीस वर्षे एका कचेरीत जमाखर्च लिहिलेले ते हात. घरातला दिवा बदलायचा तर स्टुलावर ती चढायची आणि मी स्टूल धरायचो, असा आमचा संसार. "अहो, तुम्हाला पाना कुठल्या बाजूने धरतात ते तरी माहीत आहे का?" असे ती म्हणाली नाही. पण न बोलता पुष्कळ बोलण्याची कला तिला साध्य झालेली आहे.

खरे सांगायचे तर मला ते माहीत नव्हते; आणि माहीत नसावे अशीच व्यवस्था माझ्या वडिलांनी केली होती.

अण्णा कारखान्यात फिटर होते. पिंपरी-चिंचवडच्या माळावर साठीच्या दशकात कारखाने उभे राहू लागले, तेव्हा गावाकडची शेती भावावर सोपवून ते इकडे आले. चिंचवडचे आमचे हे बैठे घर त्यांनीच बांधले. संध्याकाळी पाळीवरून घरी आले की ते आधी मोरीत जात आणि साबणात लाकडाचा भुसा कालवून कोपरापर्यंत हात घाशीत. आई तांब्याने पाणी घाली. हात लाल होत, पण नखांच्या कडेचे आणि तळव्याच्या रेषांतले काळे कधी जात नसे. ज्योतिषाला त्यांचा हात वाचायला अगदी सोपा गेला असता. रेषा कुणी शाईने काढून ठेवल्यासारख्या दिसत.

१९७६ साली त्यांनी एक वापरलेली जावा घेतली. १९६९ सालची, किरमिजी रंगाची, टाकीला दोन्ही बाजूंनी फिकट पट्टे असलेली. जावा हे नाव मूळचे चेकोस्लोव्हाकियातले. यानेचेक नावाच्या उद्योजकाने १९२९ साली 'वाँडरर' कंपनीकडून मोटारसायकलींचे काम विकत घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जुळवून 'जावा' केले. आपल्याकडे १९६१ पासून ती म्हैसूरला तयार होऊ लागली, १९७३ च्या सुमारास 'येझदी' झाली आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०१८ साली ते नाव पुन्हा बाजारात आले. पण आमची गाडी पहिल्या जमान्यातली. एकाच दांड्याने किक मारायची आणि तोच दांडा वळवून गिअर टाकायचा, ही तिची खुबी अण्णा पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने दाखवीत.

रविवारी सकाळी ते मागच्या अंगणात गाडी खोलून बसत. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. एकदा मी हळूच जाऊन पेटीतला एक पाना उचलला. अण्णांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "ठेव तो. हात काळे होतील. जा, अभ्यास कर." रागावले नाहीत. पण त्या आवाजात असे काही होते की पुन्हा कधी मी त्या पेटीजवळ गेलो नाही. शिकलो, कचेरीत लागलो, पांढरे सदरे घालू लागलो. माझ्या लग्नाचे एक छायाचित्र आमच्या बैठकीत आहे. त्यात सगळी मंडळी हात पुढे जोडून उभी आहेत. अण्णांचे हात मात्र पाठीमागे आहेत. फोटोग्राफरने सांगूनही त्यांनी ते पुढे घेतले नाहीत.

२०११ साली अण्णा गेले. जावा मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी राहिली आणि तिच्याभोवती हळूहळू अडगळ साचत गेली : मोडका पाळणा, गळकी बादली, जुने दार, गणपतीच्या आराशीचे खोके. मी निवृत्त झालो त्याच महिन्यात भंगारवाला दारावर आला. त्याने ताडपत्री वर केली, गाडीला एक लाथ मारून पाहिली आणि म्हणाला, "तीन हजार देतो." ती लाथ मला लागली. म्हणून कारखाना.

आमच्या घरातले अर्थखाते सौ.कडे आहे. बरीच चर्चा होऊन दहा हजार रुपये मंजूर झाले. अट एकच : गाडीला लागणारे सुटे भाग मी माझ्या खिशातून आणावेत आणि कारखान्याने घरात एक इंचही पाऊल टाकू नये.

जागा दहा फूट बाय आठ फूट. ती रिकामी करण्यातच चार दिवस गेले. बाकाचा प्रश्न जुन्या दाराने सोडवला. सागवानी दार, अण्णांनीच कधीतरी बदललेले. दोन लोखंडी घोड्या करून घेतल्या, त्यांवर ते आडवे टाकले. उंची किती ठेवावी? कुणीतरी सांगितले, उभे राहून हात सैल सोडला की मनगट जिथे येते तिथे बाक असावा. कचेरीतल्या टेबलाच्या उंचीचा बाक केला तर संध्याकाळपर्यंत पाठीचा कणा खुणेचे बोलू लागतो, हे मी आधी तसाच बाक करून शिकलो. मग घोड्यांखाली विटा आल्या.

दुसरी गोष्ट उजेड. पाने नसले तर एक वेळ चालते, उजेड नसला तर काहीच चालत नाही. खाली पडलेला बारीक स्क्रू शोधण्यात माणसाचे जेवढे आयुष्य जाते तेवढे नामस्मरणात गेले तर मोक्ष मिळावा. दोन नळ्या लावल्या : एक बाकावर आणि एक गाडीच्या बाजूला, म्हणजे स्वतःचीच सावली कामावर पडत नाही. वायरिंगसकट अकराशे रुपये.

तिसरी गोष्ट आग. इथे सौ.चे म्हणणे मी शंभर टक्के मान्य केले. पडवीला लागून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरात गॅस, पलीकडे देवघरात निरांजन. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि ठिणगी शोधते. म्हणून टाकी रिकामी करायची ती उघड्या अंगणात, भाग धुवायचे ते डिझेलमध्ये, आणि तेलाने भिजलेली फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. दारापाशी वाळूची बादली आणि एक लहान अग्निशामक नळकांडे टांगले. त्याला अकराशे गेले. दहा हजारांतले अकराशे कधीही उपयोगी पडू नये अशा वस्तूवर खर्च करताना माझ्यातला हिशेबनीस कळवळला. पण विम्याचा हप्ता भरताना तरी आपण दुसरे काय करतो?

सुट्या स्क्रूंसाठी दुकानात सुबक खणांचे डबे मिळतात. मला सौ.ने माळ्यावरून जुने इडलीपात्र काढून दिले. चार ताटल्या, प्रत्येकीला चार वाट्या. कार्बोरेटरचे स्क्रू पहिल्या मजल्यावर, इंजिनाच्या झाकणाचे दुसऱ्यावर, अशी मंडळी राहू लागली. जगातल्या कुठल्याही मोठ्या कारखान्यात इतकी सोयीची वस्तू नसेल. ज्या क्रमाने भाग निघाले त्या क्रमाने त्यांचे मोबाइलवर फोटो काढायचे आणि जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर टिपणे लिहायची. चौतीस वर्षांच्या नोकरीचा मला एवढाच उपयोग झाला; पण तो फार झाला.

मग अवजारे. मेट्रोने मंडईला उतरून मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गेलो. काही माणसांना सराफकट्ट्यावर जे होते ते मला तिथे झाले. भिंतभर टांगलेले चकचकीत पाने, पकडी, कानशी, ड्रिल! दुकानदाराने माझा चेहरा ओळखला आणि दीडशे नगांची एक पेटी उघडून पुढे ठेवली. मी ती घेणारच होतो. इतक्यात शेजारी उभ्या असलेल्या एका कळकट कपड्यांतल्या कारागिराने विचारले, "काका, गाडी कुठली?" मी सांगितले. "मग एवढे काय करता? दहा, चौदा, सतरा, एकोणीस. त्यातच तुमचे निम्मे काम होईल." त्या दिवशी मला एक सूत्र मिळाले, ते वाचकांनीही लिहून ठेवावे. जे रोज लागते ते नवे आणि चांगले घ्यावे. जे वर्षातून एकदा लागते ते उसने आणावे. आणि जे कधीच लागत नाही तेच दुकानात सर्वांत जास्त चकाकते.

नाशकात तयार होणाऱ्या टपारियाच्या रिंग पान्यांचा एक संच घेतला. स्वस्तातला पाना नटाच्या कडा गोल करतो, आणि कडा गेलेला नट हा रुसलेल्या जावयासारखा असतो : ओढूनही येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. एक सॉकेटचा संच, एक पक्कड, तीन स्क्रूड्रायव्हर, आणि फट मोजायच्या पातळ पात्यांचा एक लहानसा पंखा, ज्याला फीलर गेज म्हणतात. व्हाइस मात्र नवा परवडेना. तो एका रविवारी जुन्या बाजारात मिळाला : चार इंची, गंजलेला, पण मळसूत्र धड असलेला. विक्रेता पंधराशे म्हणाला, मी सहाशे म्हणालो, नऊशेला जमले. पिशवीत घालून आणताना खांदा आठ दिवस दुखला, ते हिशेबात धरलेले नाही.

एवढे सगळे झाल्यावर मी अण्णांची पेटी उघडली. आधी का उघडली नाही, हे मला सांगता येणार नाही. पन्नास वर्षांपूर्वी "ठेव तो" म्हटलेले कानात असावे. पेटीत वर एक तेलकट फडके, त्याखाली ओळीने पाने. बहुतेक पान्यांची चकाकी मधोमध, अंगठा टेकतो तिथे, झिजून गेली होती. त्यांत एक दुतोंडी पाना विचित्र होता. त्याचे एक तोंड पाठीकडून कानशीने घासून निम्म्या जाडीचे केलेले. कुणीतरी चांगल्या पान्याची नासाडी केली आहे, असे मला वाटले. मी तो बाजूला, भंगाराच्या डब्यात टाकला.

जावाचे इंजिन दोन फटक्यांचे. त्यात झडपांची भानगड नाही. सिलिंडर एकच असूनही धुरांडी मात्र दोन. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे, लिटरला चाळीस मिलिलिटर, आणि तेच मिश्रण इंजिनाच्या पोटातून जाताना सगळ्या बेअरिंगांना वंगण पुरवते. इतके साधे यंत्र की आपल्याला ते समजले असे पहिल्याच दिवशी वाटते. हा भ्रम मला भाद्रपदापर्यंत पुरला.

भाद्रपदात मी स्पार्क प्लग बसवत होतो. प्लग पोलादाचा, इंजिनाचे डोके ॲल्युमिनियमचे. दोन बोटांनी फिरवत नेऊन शेवटी पान्याने जरासा आवळायचा असतो. मी तो वाकडा धरला आणि, सैल राहू नये म्हणून, अंगातले सगळे बळ लावून आवळला. कर्र असा आवाज झाला आणि पाना एकदम हलका फिरू लागला. आतले आटे गेले होते. ज्यांनी हिशेबात कधी एका पैशाचीही चूक ठेवली नाही त्या गृहस्थांनी अण्णांच्या गाडीचे आटे आपल्या हाताने खाल्ले होते. त्या रात्री मी जेवलो नाही. सौ.नेही आग्रह केला नाही. फक्त म्हणाली, "अहो, पोळीसुद्धा पहिल्या दिवशी गोल होत नाही."

दुसऱ्या दिवशी ते डोके पिशवीत घालून मी एका लेथवाल्याकडे गेलो. म्हाताराच होता. त्याने आटे पाहिले, मग माझे हात पाहिले. "साहेब, टेबलावर काम केलंय वाटतं आयुष्यभर." मी मान हलवली. तो म्हणाला, "मग बरोबर आहे. हाताला अजून ऐकू येत नाही." नवे आटे बसवून देताना त्याने मला एका टाकाऊ तुकड्यावर बोल्ट आवळायला लावला : पुन्हा पुन्हा, डोळे मिटून. बोल्ट आधी सैल फिरतो, मग टेकतो, मग एका क्षणी लोखंड किंचित ताणते. तिथे थांबायचे. तो क्षण पुस्तकात नसतो, कानाला ऐकू येत नाही, तो तळहाताला कळतो. परत येताना माझ्या मनात एकच विचार होता. अण्णांच्या हाताला हे सगळे ऐकू येत असणार. चाळीस वर्षे ऐकू येत असणार. आणि मी त्या हातांकडे पाहून फक्त ते काळे आहेत एवढेच लक्षात ठेवले.

पुढे कार्बोरेटर चढवायची वेळ आली. इंजिनाच्या कुशीत एक नट असा अडचणीत बसलेला आहे की त्याच्या मागे बोटभरही जागा नाही. नवा पाना जाईना. सॉकेट जाईना. दोन दिवस मी त्या नटाशी झुंजलो. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना एकदम आठवले. तसाच तोंडात फेस घेऊन पडवीत धावलो, भंगाराचा डबा पालथा केला आणि तो घासलेला पाना उचलला. नटाच्या मागच्या फटीत तो असा अलगद बसला, जसा काही तिथेच राहायला होता. अण्णांनी तो त्याच एका नटासाठी घासला होता. कुठल्यातरी रविवारी, याच पडवीत, मी आत भूमितीची प्रमेये पाठ करीत असताना.

अण्णांनी मला कधी पत्र लिहिले नाही. आम्ही कायम एकाच घरात राहिलो, पत्राची गरज पडली नाही, आणि समोरासमोर बोलण्याची सवय त्या काळच्या बापांना नव्हती. तो पाना हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. पन्नास वर्षे उशिरा का होईना, पण पत्र पोचले होते.

खंडेनवमीला अण्णा आपले पाने पुसून पाटावर मांडीत, हळदकुंकू वाहून झेंडूचे फूल ठेवीत. ते गेल्यावर मी पाटावर फाउंटन पेन आणि पासबुक ठेवू लागलो होतो. गेल्या वर्षी पाटावर पुन्हा पाने आले. मधोमध तो घासलेला. दसऱ्याला गाडी चालू होईल अशी घोषणा मी करून ठेवली होती. शेजारी जमलेही होते. तीस-चाळीस किका मारल्या. गाडी ढिम्म. शेजारी आपट्याची पाने देऊन सहानुभूतीने निघून गेले.

दोष पॉइंटांच्या फटीत होता. ०.४ मिलिमीटर हवी ती मी घाईत भलतीच ठेवली होती. फीलर गेजचे पाते घालून, ते किंचित अडकत सरकेल इतपत फट पुन्हा लावली. वसुबारसेच्या संध्याकाळी, कुणालाही न बोलावता, किक मारली. तिसऱ्या किकेला ती खोकली. पाचव्या किकेला दोन्ही धुरांड्यांतून निळसर धुराचा लोट निघाला आणि ती बोलू लागली. सौ. पणती हातात घेऊन दारात आली आणि धूर पाहून पणतीसकट मागे सरली. तेल जळल्याचा तो वास! आई सांगायची, गल्लीच्या तोंडाशी हा वास आला की ती चहाचे आधण ठेवी. मी गाडी बंद केली, कारण डोळ्यांत धूर गेला होता. निदान सौ.ला मी तसे सांगितले.

अजून ती रस्त्यावर आलेली नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, त्या कागदपत्रांच्या मागे मी आहे. आणि कागदांच्या कामात मला कुणी हरवू शकत नाही. कारखान्याचा एकूण खर्च साडेनऊ हजार झाला. उरलेले पाचशे मी सौ.ला परत केले. त्याचे तिने काय केले ते पुढे कळले.

त्याच दिवाळीच्या सुट्टीत नात आली होती. नऊ वर्षांची. नवा परकर-पोलका घालून ती पडवीत आली, इडलीपात्राकडे बघून खूप हसली आणि मग बाकाला हनुवटी टेकून म्हणाली,

"आजोबा, हा नट मी आवळू?"

"नको. हात काळे होतील."

वाक्य माझ्याच तोंडून आले, पण आवाज माझा नव्हता. मी थबकलो. तोच सूर, तीच घाई. आणि त्या सुरात जे होते ते मला तेव्हा प्रथम कळले. अण्णांना आपल्या कामाची लाज नव्हती. ज्याने एका नटासाठी पाना घासला त्याला कामाची लाज कशी असेल? त्या हातांना जगाने जी किंमत दिली, ती माझ्या हातांना मिळू नये एवढेच त्यांना हवे होते. मला वाचवायला त्यांनी आपली विद्या माझ्यापासून लपवून ठेवली. बापाला याहून महाग काय देता येते?

मी तो घासलेला पाना तिच्या हातात दिला. "दोन बोटांनी फिरव. टेकला की सांग. मग डोळे मीट."

भाऊबीजेला सगळ्यांचे छायाचित्र काढले. ते आता बैठकीत, लग्नाच्या छायाचित्राशेजारी आहे. मधोमध नात उभी आहे, आणि कुणी न सांगता तिने दोन्ही काळे तळवे कॅमेऱ्यासमोर पसरले आहेत. मागून सौ. ओरडते आहे, "त्या हातांनी करंज्यांना शिवू नका गं!" पण ते छायाचित्रात येत नाही. मोरीत गेल्यावर पाहिले, तर कोनाड्यात साबणाच्या दोन नव्या वड्या आणि भुशाचा एक डबा ठेवलेला होता. एक वडी मोठी, एक लहान.